अपेक्षित आश्चर्यांची यादी

पाण्याचा पंप हा विषय जगात कुणालाच आवडत नाही, याची पंपसरांना पुरेपूर कल्पना होती. फक्त ती त्यांना मान्य नव्हती. तंत्रशाळेत पंप शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. खरं नाव पगारपत्रकावर असायचं. बाकी प्राचार्यांपासून फाटकावरच्या रखवालदारापर्यंत सगळे त्यांना पंपसर म्हणत, आणि हे नाव लोकांनी आदरापोटी दिलं आहे अशी त्यांची समजूत होती. समजुतीवर माणूस जगतो, तेव्हा तिला धक्का लावण्यात अर्थ नाही.

तर झालं असं, की प्रत्येक विभागाने एक खुला ऑनलाइन कोर्स काढायचा असा वरून फतवा आला. खुला म्हणजे अगदीच खुला. अट नाही, फी नाही, हजेरी नाही. कुणीही यावं, बसावं, कंटाळा आला की उठून जावं. वर्गाचं दार आतून लावून शिकवणाऱ्या माणसाला हे म्हणजे भर रस्त्यात दाढी करायला बसवण्यासारखं होतं. पण विभागप्रमुखाची खुर्ची लवकरच रिकामी होणार होती आणि तिच्याकडे जाणारी वाट या कोर्सवरूनच जात होती. पंपसर तयार झाले.

शाळेत आवाज फार, म्हणून चित्रीकरण घरी करायचं ठरलं. जेवणाच्या टेबलावर अर्धा कापलेला पंप येऊन बसला. "मग जेवायचं कुठे?" असं बायकोने एकदा विचारलं आणि उत्तर मिळण्याची वाट न पाहता ताटं खिडकीजवळच्या बाकावर हलवली. वरच्या मजल्यावरचे विमेकाका न बोलावता सल्ला द्यायला आले. विमेकाकांनी आयुष्यभर विमा विकला होता आणि निवृत्तीनंतर त्यांच्याकडे विकण्यासारखं फक्त मत उरलं होतं.

"तुम्ही फार गंभीर दिसता हो," ते म्हणाले. "मी लोकांना त्यांच्या मरणाबद्दल सांगायचो, पण हसतमुखाने. हसा!"

पंपसर हसले. जाम झालेल्या बेअरिंगविषयी त्यांनी इतकं हसत हसत सांगितलं, की ते चित्रीकरण पाहून मेहुणीने बहिणीला फोन केला आणि हळूच विचारलं, "भावोजींची तब्येत बरी आहे ना?"

कोर्स सुरू झाला आणि पहिल्या आठवड्यात त्यात कुणीही आलं नाही. रिकामा वर्ग पंपसरांनी पाहिला होता, पण त्यात निदान बाकं तरी असतात. शेवटी अब्रू झाकायला त्यांनी घरचीच माणसं भरली: मेहुणी, विमेकाका आणि बायको. नाव काय घालू, असं विचारलं तेव्हा बायको भांडी विसळत होती. "चमचा लिहा," ती म्हणाली. पंपसरांनी 'चमचा' लिहिलं. पुढे कुणा भल्या माणसाने कोर्सचा दुवा कुठेतरी पाठवला, तिथून तो आणखी कुठे गेला, आणि बघता बघता माणसांचा लोंढा आला. का आला हे शेवटपर्यंत कळलं नाही. फुकट म्हटलं की माणूस पंपसुद्धा शिकतो, असं विमेकाकांचं म्हणणं पडलं.

इथे घरातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं घोडं पुढे तिथेच पेंड खाणार आहे. मुलगी नोकरीसाठी दूर गेल्यापासून त्या घरातलं बोलणं आटत चाललं होतं. भांडण म्हणावं तर तेही नव्हतं. भांडायला निदान विषय लागतो. सकाळी "चहा?", त्यावर "ठेव", संध्याकाळी "आलात?", त्यावर "हं". सव्वीस वर्षांचा संसार चार शब्दांवर चालला होता आणि कुरकुरत नव्हता, म्हणून पंपसर त्याला ठीकठाक समजत होते. जे यंत्र आवाज करत नाही त्याच्याकडे ते बघतच नसत.

तिसऱ्या आठवड्याचा धडा होता 'आवाजावरून दोष ओळखणे'. पंपाने हवा धरली की तो कसा गुरगुरतो, बेअरिंग गेलं की कसा किंचाळतो, हे सांगून त्यांनी गृहपाठ दिला: आपल्या पंपाचा आवाज फोनवर टिपावा, चर्चाकट्ट्यावर टाकावा, इतरांनी दोष ओळखावा. चर्चाकट्टा म्हणजे कोर्समधली शंका विचारायची जागा. तिथवर तिच्यात एकच शंका आली होती, ती म्हणजे प्रमाणपत्र कधी मिळेल.

'तिसरा मजला' नावाच्या एका गृहस्थाने लिहिलं, "माझ्याकडे पंप नाही. फ्रिज चालेल का?" आणि परवानगीची वाट न बघता फ्रिजची घरघर टाकून दिली. पंपसरांनी ताबडतोब सूचना लावली: 'कट्ट्यावर फक्त पंपाचेच आवाज टाकावेत.' त्या सूचनेखाली संध्याकाळपर्यंत एक मिक्सर, एक लिफ्ट, दातांच्या दवाखान्यातलं यंत्र आणि कुणाच्या तरी सासऱ्यांचं घोरणं येऊन बसलं. घोरण्याखाली लोकांनी हिरिरीने चर्चा केली. हवा धरली आहे यावर बहुतेकांचं एकमत होतं. पंपसरांनी दुसरी, लाल अक्षरांतली सूचना लावली. लोकांनी तिचं कौतुक केलं आणि पुढे चालू लागले.

मग चमच्याने तोंड उघडलं. एका बाईंनी पंख्याचा खडखडाट टाकला होता आणि बघावं तो पंख्याची पाती तपासायला सांगत होता. चमच्याने लिहिलं, "पंखा चांगला आहे. भिंतीवर कॅलेंडर असेल, त्याची पट्टी आपटतेय." थोड्या वेळाने बाईंचं उत्तर आलं, "अगं बाई, खरंच की!" कट्ट्यावर चमच्याचं नाव झालं. कुणी आवाज टाकला की खाली लोक लिहायचे, चमचा कुठे आहे, चमच्याला विचारा.

पंपसर आधी चिडले. तज्ज्ञ ते, आणि विचारतात चमच्याला! पण संध्याकाळी बायको फोन घेऊन समोर आली आणि म्हणाली, "अहो, हे ऐका. मला वाटतं कुकरची शिट्टी सैल आहे. तुम्हाला काय वाटतं?" तुम्हाला काय वाटतं, हा प्रश्न त्या घरात कितीतरी दिवसांनी उच्चारला गेला होता. पंपसरांनी ऐकलं. परत ऐकलं. मग दोघं वाद घालत बसले आणि चहा गार झाला.

त्यानंतर रोज संध्याकाळी हे होऊ लागलं. पंपसर शाळेतून येताना वाटेतले आवाज टिपून आणायचे आणि ती ओळखायची. एकदा ते तिला म्हणाले, "तुझा कान इतका तयार कसा गं?"

"तुमच्यामुळेच," ती म्हणाली. "तुम्ही बोलत नाही ना काही. मग ऐकून ठरवावं लागतं. तुमची मीटिंग झालेली असली की किल्ली दोनदा फिरते. प्राचार्य ओरडले असले की चपला एकेक करून पडतात. गोड बोलले असले की दोन्ही एकदम."

पंपसरांना एकाच वेळी लाज वाटली आणि बरंही वाटलं. हे दोन्ही एकदम वाटण्याची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते उगीच पंप पुसायला गेले.

एक दिवस कट्ट्यावर एका नव्या बाईंनी आवाज टाकला. खाली लिहिलं होतं, "हे गेल्यापासून माझ्या घरात काहीच आवाज येत नाही. हा ओळखा." लोक ऐकत होते, पण लिहीत कुणी नव्हतं. काय लिहिणार? पंपसरांनीही कान लावला आणि मान हलवली. बायकोने डोळे मिटून पुन्हा पुन्हा ऐकलं आणि मग लिहिलं, "काहीच नाही कसं? तुम्ही आहात ना. तुमची खुर्ची कुरकुरतेय." दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याच खुर्चीचा आवाज पुन्हा टाकला, तेल घातल्यानंतरचा. त्या दिवशी पंपसरांनी आपली लाल सूचना स्वतःच्या हाताने काढून टाकली. त्यांच्या हातून झालेलं या कथेतलं हे एकमेव शहाणपणाचं काम.

शेवटची परीक्षा झाली आणि कोर्सचा निकाल लागला. म्हणजे शब्दशः निकाल लागला. पंपाविषयीच्या प्रश्नांत जवळजवळ सगळे आडवे झाले होते. फूटव्हॉल्व्ह कुठे असतो, याला एकाने 'विहिरीतल्या नळीच्या तळाशी' ऐवजी 'गाडीत' असं उत्तर दिलं होतं. विमेकाका नापास झाले आणि त्यांनी ते पंपसरांना हसतमुखाने सांगितलं. मान खाली घालून पंपसर प्राचार्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "करायला गेलो गणपती, झाला मारुती."

प्राचार्य नुकतेच एका परिषदेहून आले होते. तिथून येताना ते नेहमी एखादा नवा शब्द आणत आणि तो जुना होईपर्यंत शाळेला वापरायला लावत. कट्टा पाहून ते खुर्चीतून उठले. "पंपसर, अहो, यालाच तर म्हणतात अनपेक्षित अध्ययन! शिकवलं एक आणि उगवलं भलतंच! हे जगात सगळ्यांना हवं आहे आणि आपल्याकडे फुकट झालंय! आता फक्त ते मोजायचं. मूल्यमापन कक्षात जा. शिक्का आणा. विभागप्रमुखाचं मी बघतो."

नको म्हणायची वेळ ती होती. पंपसर हो म्हणाले.

मूल्यमापन कक्षात एक बाई बसत. त्यांना सगळे निकषबाई म्हणत, कारण त्यांनी निकषाशिवाय कुणाला नमस्कारही केलेला कुणी पाहिला नव्हता. बाई वाईट नव्हत्या. उलट कामाला चोख होत्या, आणि पंचाईत तिथेच होती.

"अनपेक्षित निष्पत्ती," त्यांनी नोंद केली. "कुठल्या कुठल्या अपेक्षित आहेत?"

"अनपेक्षित आहेत हो त्या."

"ते कळलं. पण कोर्स सुरू होण्याआधी तुम्ही त्यांची यादी दिली होती का?"

"आधी कशी देणार? अनपेक्षित म्हणजेच..."

"मग त्या अनपेक्षित होत्या हे कशावरून?" निकषबाईंनी अगदी शांतपणे विचारलं. "कदाचित तुम्ही काही अपेक्षाच ठेवली नसेल. तो निष्काळजीपणा झाला. त्याचा रकाना वेगळा आहे."

पंपसर या युक्तिवादाला इतके चक्रावले की बाहेर येऊन पुन्हा आत गेले, आणि मग पुन्हा बाहेर आले. शेवटी असं ठरलं की कोर्स आणखी काही आठवडे वाढवायचा, अपेक्षित आश्चर्यांची यादी आधी द्यायची, आणि प्रत्येक शिकणाऱ्याने आपलं आश्चर्य लिहून द्यायचं. त्याला दहा गुण: नावीन्य, पुरावा, विस्तार. अट एवढीच, की आश्चर्य किमान दीडशे शब्दांचं असावं.

विमेकाकांना यात काहीच वावगं दिसलं नाही. "अपघात अचानकच होतो की नाही? पण आमच्याकडे त्याचा तक्ता असायचा. बोट इतकं, डोळा इतका. तुम्ही फक्त तक्ता करा."

बायको मात्र म्हणाली, "अहो, नका करू हे."

"का?"

"लोक मजेने येतात. तुम्ही मोजायला बसलात की पोट आत घेऊन उभे राहतील."

"अगं, चांगल्या गोष्टीला मान मिळायला नको का?"

"कुणी मागितलाय मान?"

मागितला होता तो पंपसरांनीच. पण हे कबूल करायला त्यांना प्रमुखपदाची खुर्ची आड येत होती. त्यांनी तक्ता केला. चांगला केला, त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. 'अपेक्षित आश्चर्य क्रमांक एक: श्रवणकौशल्यात वाढ. क्रमांक दोन: परस्परांविषयी आपुलकी, मध्यम ते तीव्र.' निकषबाईंनी सुद्धा मान डोलावली.

कट्ट्यावर नवी सूचना लागली आणि पहिला प्रश्न आला, "सर, किती आश्चर्यं सक्तीची आहेत?" दुसरा आला, "नमुना आश्चर्य मिळेल का?" पंपसरांनी भाबडेपणाने नमुना दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन दिवसांत साऱ्या कट्ट्याला तेच आश्चर्य वाटू लागलं. 'मला अनपेक्षितपणे असे आढळून आले की' या शब्दांनी सुरू होणारे परिच्छेद एकाखाली एक पडू लागले. 'तिसरा मजला' फ्रिजविषयी लिहिता लिहिता श्रवणकौशल्यात वाढला. मेहुणीला तीव्र आपुलकी वाटली आणि तिने फोन करून विचारलं, "भावोजी, मध्यम लिहू का तीव्र? तीव्रला जास्त आहेत ना?" आवाज टाकणारे आता उत्तरही सोबतच टाकत, म्हणजे पुराव्याचे गुण जायला नकोत. ओळखायचं काही उरलंच नाही. खुर्चीवाल्या बाईंनी आश्चर्य लिहिलं नाही. कुणाला काही न कळवता त्या कट्ट्यावरून निघून गेल्या. प्रणालीने पंपसरांना कळवलं, 'एक निष्क्रिय शिक्षार्थी वगळला.'

पंपसरांनी तो निरोप पुन्हा वाचला. पण गाडी उताराला लागली होती.

चमच्याचा परिच्छेद सगळ्यांत शेवटी आला. त्यात लिहिलं होतं:

"पंप कंटाळवाणा असेल असं वाटलं होतं. आहेच. पण घरात आपल्याला एकमेकांशी अजून बोलता येतं, हे माहीत नव्हतं."

बस्स, एवढंच. पंपसरांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. त्या क्षणी ते स्वयंपाकघरात गेले असते तर ही कथा इथेच गोड संपली असती. पण माणूस गुण द्यायला बसला की त्याच्या अंगात परीक्षक संचारतो, आणि पंपसरांच्या अंगात तर तो कायमचा भाडेकरू होता. बायको आहे म्हणून झुकतं माप दिलं असं निकषबाई म्हणाल्या तर? आधीच घरची माणसं भरल्याची कुजबुज शिक्षकांच्या खोलीत होती. त्यांनी मनावर दगड ठेवला आणि तक्त्याप्रमाणे चालले. नावीन्य: ठीक. पुरावा: जोडलेला नाही. विस्तार: फारच कमी. त्यांनी दहापैकी चार दिले, शेरा मारला 'पुराव्यासह विस्तार करावा', आणि आपण किती निःस्पृह आहोत या विचाराने त्यांचं मन थोडं भरूनही आलं. लाज वाटायला हवी होती. ती पुढे वाटली.

निकाल ज्याच्या त्याच्या फोनवर आपोआप गेला. स्वयंपाकघरात फोन वाजला. नळ बंद झाला. थोड्या वेळाने नळ पुन्हा सुरू झाला.

"आला का निकाल?" पंपसरांनी बाहेरूनच विचारलं.

"आला."

"नियमाने करावं लागतं गं."

"हो ना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर पंपसरांना पुढे काहीतरी बोलता आलं असतं.

शाळेला प्रशस्तिपत्र मिळालं. प्राचार्यांनी फुलांचा गुच्छ दिला, निकषबाईंनी हस्तांदोलन केलं आणि पंपसर विभागप्रमुख झाले. त्यांचा तक्ता इतर विभागांनीही घेतला. गणितवाल्यांनी तर आश्चर्य पहिल्याच आठवड्यात उरकून टाकलं. पंपसर खुर्चीत बसले तेव्हा ती मऊ होती एवढंच त्यांच्या लक्षात आलं. घरी जाऊन हे सांगावं असं त्यांच्या मनात आलं, पण घरी "आलात?" असा प्रश्न आला आणि त्यावर "हं" निघून गेलं. वाटेतला एक आवाज त्यांनी फोनवर टिपून आणला होता, रस्ता दाबणाऱ्या यंत्राचा. ऐकवला. तिने ऐकला, "छान आहे" म्हणाली आणि आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालायला गेली. तिने ओळखलं होतं, हे त्यांना कळत होतं. तिला आता त्यांच्यासमोर ओळखायचं नव्हतं, हेही कळत होतं.

मग मात्र त्यांना राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी ते मूल्यमापन कक्षात गेले. एका शिक्षार्थ्याचे गुण बदलायचे आहेत, म्हणाले. निकषबाईंनी विचारलं, कारण? पंपसर म्हणाले, "चुकलं माझं." निकषबाईंनी कारणांची यादी वर-खाली पाहिली. 'बेरजेत चूक' होतं, 'पान तपासायचं राहिलं' होतं. हे कारण नव्हतं. मग त्यांनी पंपसरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि, सांगितलं तर कुणाला पटणार नाही, पण त्यांनी निकष थोडा वाकवला. "शिक्षार्थ्याने स्वतः फेरतपासणी मागितली तर करता येईल," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना तेवढं विचारा."

पंपसर जवळजवळ धावतच घरी आले. बायको खिडकीजवळच्या बाकावर बसून शर्टाचं बटण लावत होती. ते समोर उभे राहिले. असं काही बोलायची सवय नसल्यामुळे त्यांनी ते कार्यालयीन भाषेतच सांगून टाकलं: फेरतपासणीची सोय आहे, फक्त तिने हो म्हणायचं आहे, बाकीचं ते करतील, दहापैकी दहा करतील. आणि मग घसा खाकरून म्हणाले, "मी तपासायलाच नको होतं. चुकलो मी."

तिने दोरा दाताने तोडला. त्यांच्याकडे पाहून थोडी हसलीही. त्यांच्यावर दया आली म्हणून हसली असावी.

"राहू दे हो," ती म्हणाली. "चार बरोबरच आहेत. आता फेरतपासणी केलीत, तर तेवढेही पडायचे नाहीत."

शर्ट झटकून तिने त्यांच्या हातात दिला. तो त्यांचाच होता. पंपसर "बरं" म्हणाले, आणि दुसरं काही सुचेना म्हणून तिथेच उभे राहून त्यांनी तो अंगातल्या शर्टावरच घातला.